पंधरा वर्षं गाडी तपासायची कुणी?

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेणारी बाई तो आधी बोटाच्या पेरानं वाजवून पाहते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर खाली ठेवते. तिला चाक फिरवता येत नसतं, आवा लावता येत नसतो, तरी माठाला तडा आहे की नाही हे तिला कळतं. घडवणं कुंभाराचं आणि वाजवून घेणं घेणाऱ्याचं, ही वाटणी आपल्याकडे इतकी जुनी आहे की त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ती विसरलो. गाडी दुरुस्त करता येत नाही, म्हणून ती तपासायचीही नाही, असं बहुतेक मालकांनी धरून ठेवलं आहे. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावाच्या तर नावातच कुंभार आहे. अशा गावात राहून गाडी बाळगणाऱ्याला हा विसर शहरातल्या माणसापेक्षा जास्त महागात पडू शकतो. दुरुस्ती मिस्त्रीकडे राहू द्या. नियमित तपासणी आणि किरकोळ निगा मात्र मालकाच्याच हातची असली पाहिजे, कारण ती करणारं दुसरं कुणी नाही.

दुसरं कुणी नाही, हे शब्दशः खरं आहे. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्यानुसार खासगी कारची नोंदणी 15 वर्षांसाठी होते. एमएच-21 हा जालन्याचा क्रमांक एकदा पाटीवर चढला की पुढची 15 वर्षं गाडीचे ब्रेक, टायर, स्टिअरिंग कोणत्याही अधिकाऱ्याला नियमानं दाखवावे लागत नाहीत. नोंदणीचं नूतनीकरण करायच्या वेळी गाडी पहिल्यांदा तपासणीला उभी राहते आणि मग दर 5 वर्षांनी. मधल्या काळात लागतं ते पीयूसी. पण पीयूसी फक्त धूर मोजतं. टायर गोटा झालेला असो की ब्रेक ऑइल तळाला गेलेलं असो, धूर मर्यादेत असला की कागद हातात पडतो. याउलट त्याच रस्त्यावर प्रवासी भरून धावणारी काळी-पिवळी जीप हे व्यावसायिक वाहन. तिला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘फिटनेस’ म्हणतात ते, पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावं लागतं. ती तपासणी किती कसून होते, हा वेगळा प्रश्न. पण ज्या जीपला आपण खटारा म्हणून हसतो, तिच्याकडे निदान नियमापुरतं तरी कुणी पाहतं. दारातल्या चकचकीत कारकडे 15 वर्षं कुणीच पाहत नाही.

सगळ्या जगात असं नाही. ब्रिटनमध्ये 1960 साली 10 वर्षांहून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. नापास गाड्या इतक्या निघाल्या की पुढच्याच वर्षी वयाची अट 7 वर्षांवर आणावी लागली आणि 1967 मध्ये ती 3 वर्षांवर आली. जर्मनी आणि जपानमध्येही नवी कार 3 वर्षांनी आणि त्यानंतर दर 2 वर्षांनी तपासून घ्यावी लागते. चालणारी गाडी आणि ठीक असलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या देशांनी ओळखलं. आपल्या कायद्याला ते कळलेलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच 1988 च्या कायद्यात 190 वं कलम आहे. लोकांना धोका होईल असा दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं हा त्यानुसार गुन्हा आहे. आणि तो दोष चालवणाऱ्याला माहीत असला पाहिजे असं नाही, सर्वसाधारण काळजी घेतली असती तर कळला असता, एवढंही पुरेसं आहे. ‘मला माहीतच नव्हतं’ या उत्तराला या कलमानं जागा ठेवलेली नाही. म्हणजे तपासनीस नेमलेला आहे. तो गाडी चालवणारा माणूसच आहे. त्याला नेमणुकीचं पत्र तेवढं कुणी दिलेलं नाही.

आता ही सर्वसाधारण काळजी कुंभार पिंपळगावात नेमकी कशाची घ्यायची, ते पाहू. तालुक्याच्या दक्षिण अंगाला गोदावरी. माती काळी. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं या पट्ट्यात ऊस आणला. कापूस, सोयाबीन, मोसंबी ही इथली दुसरी पिकं. हे वर्णन भूगोलाच्या पुस्तकातलं वाटेल, पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बॉनेटखाली किंवा चाकाशी पोहोचते. काळी माती ओली असताना मडगार्डच्या आत आणि ब्रेकच्या आसपास लिंपली जाते आणि वाळली की दगड होते. पावसात ती फुगते, उन्हात आकसते, म्हणून तिच्यावरचे रस्ते लवकर उखडतात. कोरड्या दिवसांत तिचाच धुरळा एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतो. गाळपाच्या हंगामात उसानं लादलेल्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खचतात आणि तिथे चाक आपटून अलाइनमेंट जाते. रान घराला लागून असलं की उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यानं बॅटरी आणि रबर दोन्ही लवकर म्हातारी होतात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतलं सर्व्हिसचं वेळापत्रक सर्वसाधारण रस्त्यांसाठी आखलेलं असतं. धुळीच्या आणि खडबडीत रस्त्यांवरच्या गाडीचं तेल, फिल्टर लवकर बदला, अशी वेगळी सूचना बहुतेक पुस्तिकांत मागच्या पानांवर असते. खेड्यातल्या गाडीला लागू पडतं ते हे मागचं पान, आणि वाचलं जात नाही तेही हेच.

या तऱ्हेचं लक्ष ठेवणं इथल्या माणसाला परकं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जू घासून हुळहुळलेल्या खांद्याला तूप-हळद चोळताना खांदा सुजला आहे का, कातडं सोललं आहे का, हे हाताला आपोआप कळतं. तो विधी आहे आणि तपासणीही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणं हे लांबच्या वाटेला लागण्याआधीचं काम होतं, आणि ते गाडीवानच करायचा. याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास अक्षर कसं घोटावं, लेखनाचं साहित्य कसं बाळगावं, याला दिलेला आहे. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथाला लेखणीची निगा सांगण्यात कमीपणा वाटला नाही. आज खंडेनवमीला आपण गाडी धुतो, कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. बॉनेट मात्र उघडत नाही. खांदेमळणीत हात दुखऱ्या जागेवर जातो, खंडेनवमीला तो पत्र्यावरूनच फिरतो. हात कुठे जायला हवा, एवढंच काय ते शिकायचं आहे.

पहिल्यांदा तो टायरवर जायला हवा, कारण गाडी रस्त्याला टेकते ती चार टायरांवर, आणि तेही प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेत. जालना जिल्ह्यात टायरचं महत्त्व अलीकडे आणखी वाढलं आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि जून 2025 मध्ये मुंबईच्या दिशेचा शेवटचा टप्पा जोडला जाऊन 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यावर चढायला जालन्याजवळ वाट आहे. कारला तिथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. गावच्या रस्त्यावर साठच्या वेगानं धावणारी गाडी तिथे दुप्पट वेगानं जाते, आणि वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. त्यामुळे गावात वर्षानुवर्षं खपून गेलेला दोष तिथे तासाभरात उघडा पडतो. टायर फुटून होणारे अपघात पाहून 2023 मध्ये परिवहन विभागाला या महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली. प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडणं मात्र चूक ठरेल. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बसला अपघात होऊन 25 प्रवासी जळून गेले. तेव्हाही टायर फुटल्याचं आधी सांगितलं गेलं होतं. परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. झोप, वेग आणि एकसुरी सरळ रस्ता यांचा वाटा मोठा असतो. पण झोप कधी येईल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. टायरचं सांगता येतं.

ते कसं, हे समजायला दोन मिनिटं पुरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. पुढच्या-मागच्या टायरात किती हवा भरायची, तो आकडा त्यावर छापलेला असतो. पंक्चरवाल्याला ‘तीस-बत्तीस मार’ म्हणण्याऐवजी तो आकडा सांगावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी, कारण तापमान 5-6 अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआयनं वाढतो. दुपारी धावून आलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, हा आपल्याकडचा पक्का समज उलटा आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त दबतो म्हणून जास्त तापतो, आणि तापतो म्हणून फुटतो. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराची आडवी उंच पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारसाठी ही किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. झीज कुठे झाली आहे, हेही बोलकं असतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा सतत कमी राहिली, मधला पट्टा झिजला तर जास्त भरली गेली, आणि एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडली आहे. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत टायरचं वय असतं. 2321 याचा अर्थ 2021 सालच्या 23 व्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होऊन चिरतं, म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीत हे चार आकडे जास्त महत्त्वाचे. आणि स्टेपनी हा पाचवा टायर आहे, डिकीतलं सामान नाही.

टायरनंतर बॉनेट. इथे पाहायच्या गोष्टी तीनच, पण तिन्ही पातळ पदार्थ आपापल्या परीनं काही सांगतात. गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी बाहेर काढावी, कापडानं पुसावी, पुन्हा घालून काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलेलं असू शकतं, आणि मग गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवावं. दुसरं कूलंट. त्याची पातळी बाहेरच्या पारदर्शक टाकीवरच दिसते, झाकण उघडावंही लागत नाही. इंजिन गरम असताना ते झाकण कधीच उघडू नये, कारण आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं आणि दाब सुटताच उसळून अंगावर येतं. कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. माठाच्या बुडाशी पांढरा थर धरणारं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तोच थर धरतं, आणि काही वर्षांनी भर उन्हात इंजिन तापतं तेव्हा दोष गाडीच्या कंपनीला दिला जातो. तिसरं ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलावं लागतं. त्याची पातळी उतरली तर वरून भरून मोकळं होणं धोक्याचं, कारण ते उडून जात नसतं. पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ. वरून भरणं म्हणजे ताप पाहायचा सोडून थर्मामीटर पुसून ठेवणं.

बाकीच्या गोष्टी ऋतूनुसार वाटून घेता येतात. मृगाच्या आधी वायपरचं रबर पाहावं. आठ महिने उन्हात वाळलेली पट्टी पहिल्या सरीत काच पुसत नाही, चिखल पसरवते. कापूस-उसाच्या दिवसांत एअर फिल्टर एरवीपेक्षा लवकर काढून पाहावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह वायर सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती साफ करता येते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्या वेळी जवळ बिडी-काडी नको. पाणी भरायची बॅटरी असेल तर तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावं. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडलं की उंदरांनी आणलेल्या काड्या, लेंड्या, सोललेली वायर वेळेवर दिसते. सोललेल्या वायरीनं नुसती गाडी बंद पडत नाही, पेटही घेऊ शकते. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावं. साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आज 20 टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये असतं. या मिश्रणाला धरून बनवलेल्या गाड्या 2023 पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या काही गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटर वापरानंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानंच 2025 मध्ये म्हटलं आहे. इंधनाच्या पाइपावर चिरा दिसल्या किंवा बॉनेटमधून पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नये. ज्या उसानं गावात गाडी आली, त्याच उसाचं इथेनॉल तिच्या टाकीत परत येतं; त्याचीही दखल घ्यावी लागते.

‘आमचा मिस्त्री विश्वासू आहे, हे सगळं तो पाहतो,’ हा पहिला आक्षेप. मिस्त्री विश्वासू असेल, नव्हे, गावातला मिस्त्री बहुधा असतोच. त्याला रोज त्याच लोकांत तोंड दाखवायचं असतं. पण तो गाडी पाहतो ती गाडी त्याच्या दारात गेल्यावर. टायरमधली हवा, उतरणारं कूलंट, उजवीकडे ओढणारं स्टिअरिंग यांना मिस्त्रीच्या वेळा ठाऊक नसतात. डॉक्टर कितीही चांगला असला तरी कालपासून ताप आहे हे घरातल्यानंच सांगावं लागतं. शिवाय पाहणाऱ्या मालकामुळे मिस्त्रीचं काम सोपं होतं. ‘गाडीत काहीतरी वाजतंय’ असं सांगणारा माणूस मिस्त्रीला अंदाजानं सुटे भाग बदलायला लावतो. ‘ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज येतो, दोन आठवडे झाले’ असं सांगणारा निम्मं निदान करूनच आलेला असतो. गाडी चालवणाऱ्या स्त्रियांना तर हे विशेष उपयोगी. गॅरेजमध्ये त्यांच्याशी बोलायच्या ऐवजी बरोबरच्या पुरुषाशी बोलायची रीत अजून गेलेली नाही. तिथे ऑइलची पातळी आणि टायरचं वय सांगणारं एक वाक्य बोलण्याची दिशा बदलतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘आताच्या गाड्यांत सगळं इलेक्ट्रॉनिक, हात लावला तर वॉरंटी जाईल.’ वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिस कंपनीच्या केंद्रातच करावी, यात दुमत नाही. बहुतेक कंपन्यांची तशी अट असते. पण हवा मोजणं, पट्टी काढून पाहणं, वायपर बदलणं ही दुरुस्ती नव्हे. उलट पुस्तिकेनंच ही कामं मालकावर सोपवलेली असतात. उरला इलेक्ट्रॉनिक भाग. तो मालकाला कळत नाही याला गाडीची गुंतागुंत जितकी कारण, तितकाच बाजारही. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुली न ठेवल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण मूळ प्रश्न सरकारदरबारी नोंदला गेला. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं आणि शेतीची अवजारंही आहेत. तेव्हा ‘आपल्याला काय कळतंय’ हे वाक्य नम्रतेचं वाटलं तरी ते आपल्याला शिकवलं गेलेलं असू शकतं. आणि इलेक्ट्रॉनिक्स वाढलं म्हणून टायर, ब्रेक पॅड, वायपर आणि बेल्ट यांचं झिजणं थांबलेलं नाही. लाल दिवा लागतो तो बिघाड झाल्यावर. पाहायचं असतं त्याच्या आधी.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. अर्धवट ज्ञानानं माणूस गाडीचं आणि स्वतःचं वाटोळं करतो, असं म्हणतात, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून गाडी उघडून बसलेल्यांना ते लागू पडतं. म्हणूनच पाहणं आणि करणं यांच्यातली रेघ ठळक हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. ब्रेकची नळी उघडणं, एअरबॅगच्या वायरीला हात लावणं, सीएनजीच्या जोडणीशी खेळणं, इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलला स्पर्श करणं, ही कामं प्रशिक्षित माणसाचीच. सीएनजीच्या टाकीची तर दर 3 वर्षांनी दाबाची चाचणी सक्तीची आहे. मालकानं फक्त तिच्यावरची तारीख वाचायची. घरी ऑइल बदलणाऱ्यानं जळकं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार तो धोकादायक कचरा आहे, आणि गोदाकाठच्या मातीत मुरलेलं तेल शेवटी विहिरीच्या पाण्यापर्यंत जातं. एवढी पथ्यं पाळायची नसतील तर ऑइल गॅरेजातच बदलावं. त्यानं या लेखाचा मुद्दा जराही कमी होत नाही. माठ वाजवणाऱ्या बाईनं कधी आवा लावायचा हट्ट धरला नव्हता.

उरला पैशाचा हिशेब. स्वतः हात काळे करून फार पैसे वाचतात, असं सांगणं खोटं ठरेल. ऑइल बदलायची मजुरी थोडीच असते, आणि सुट्टीच्या सकाळचंही मोल असतं. मिळतो तो वेळेवर कळण्याचा फायदा. कूलंटचा डबा काही शे रुपयांत येतो. तापून बसलेलं इंजिन उघडायची वेळ आली तर बिल हजारोंच्या घरात जातं. एक कड झिजलेला टायर वेळीच दिसला तर अलाइनमेंटवर भागतं, नाही दिसला तर टायरच नवा घ्यावा लागतो. त्यासाठी एक वही पुरते. दूध डेअरीचं, फवारणीचं, कारखान्याला गेलेल्या उसाचं टिपण ठेवणाऱ्या घरांना वहीचं वेगळं महत्त्व सांगायला नको. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय पाहिलं, काय बदललं, कुणाकडून, असे पाच रकाने आणि सोबत पक्की बिलं. बनावट फिल्टर आणि भेसळीचं ऑइल बाजारात आहे; बिल असलं की जाब विचारता येतो. गाडी विकायला काढली की पॉलिश केलेल्या पत्र्यापेक्षा ही वही जास्त भाव मिळवून देते, कारण घेणाराही शेवटी वाजवूनच पाहत असतो.

कायदा उद्या बदलेल, खासगी गाड्यांनाही दोन-तीन वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागेल, आणि तसं व्हावंच. पण ती तपासणी आली तरी दोन-तीन वर्षांतला एक दिवस सरकार पाहील. उरलेले सगळे दिवस पुन्हा मालकाचेच. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरच्या स्टिकरवर टायरच्या हवेचा आकडा वाचा. गाडी घेतली त्या दिवसापासून तो तिथेच आहे.